जगदेवीचं लग्न झालंच नव्हतं म्हणे

राजेश्वर गावच्या जगदेवीला भेटायचं असेल तर दुपारी चारनंतर जावं. त्याआधी ती दिसते, पण भेटत नाही. दोन्ही हात ज्वारीच्या पिठात, डोळे तव्यावर. बसवकल्याण ते हुमनाबादच्या मध्ये कुठं लग्न निघालं, कुठं घरभरणी निघाली, की कडक भाकरी जगदेवीची. पापडासारखी पातळ, महिनाभर टिकणारी, आणि खाताना शेजारच्या पंगतीला ऐकू जाणारी. कुणी विचारलं, "अक्का, इतकी पातळ कशी येती गं?" तर म्हणते, "काय लागतंय? पीठ, गरम पाणी, आन् कुणाचा तरी राग. मऊ मनानं थापली की जाड हुती."

राग कुणाचा, ते ती सांगत नाही. सांगायची गरजही नाही. राजेश्वरात ते शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे.

तीन वर्षांपूर्वी सीमेपलीकडं, महाराष्ट्रातल्या उमरग्याच्या कोर्टात एक अर्ज दाखल झाला. अर्जात म्हटलं होतं की जगदेवीचं लग्न झालेलंच नाही; जे काही झालं ते कायद्यानं शून्य समजावं. अर्ज करणारा तिचा नवराच होता. दहा वर्षं संसार केलेला, सात वर्षांच्या चैत्राचा बाप असलेला. बायको आवडत नाही म्हणणारे नवरे आपण खूप पाहतो. ही बायको कधी झालीच नव्हती, असं म्हणायला वेगळी बुद्धी लागते, आणि तीही वकिलाकडून विकत आणावी लागते.

तर गोष्ट अशी, की जगदेवीचा नवरा श्रीशैल हा तिचा सख्खा मामा. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी इथं भुवया वर केल्या असतील, त्या त्यांनी सावकाश खाली आणाव्यात. आमच्या कर्नाटकातल्या बिदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात भाचीवर पहिला हक्क मामाचा. बारशाला बायका पोरगी उचलून मामाच्या मांडीवर ठेवतात आणि म्हणतात, "घ्या, तुमची तुम्ही सांभाळा." मामा लाजतो. जगदेवीच्या बारशाला श्रीशैल नऊ वर्षांचा होता. तो लाजला नाही, त्यानं चिमटा काढला.

श्रीशैल दोन वर्षांचा असताना त्याची आई मल्लव्वा गेली. मोठी बहीण अंबुबाई तेव्हा चौदा वर्षांची. तिनं त्याला काखेत घेतलं ते घेतलंच. तिचं लग्न राजेश्वरच्या धुळाप्पाशी झालं. धुळाप्पा मल्लव्वाचा धाकटा भाऊ, म्हणजे अंबुबाईचा सख्खा मामा, रीत तीच. त्या लग्नात नवरी सासरी आली तीही भावाचं बोट धरून. पुढं अंबुबाईला जगदेवी झाली, पण गाव म्हणायचं की तिचं पहिलं लेकरू श्रीशैलच. जगदेवी विशीची झाली तेव्हा लग्न अंबुबाईनंच ठरवलं. "लेक बी जवळ, भाऊ बी जवळ," म्हणाली. एवढा सोपा हिशेब मांडणारी बाई पुढं फसणार, हे तेव्हा कुणाला सुचलं नाही. पंगतीत बसलेल्यांना तर अजिबात नाही.

श्रीशैलला उमरग्याला एका खासगी कॉलेजात क्लार्कची नोकरी लागली. जगदेवी तिथं राहायला गेली आणि तिच्याकडून मोठी चूक झाली. ती त्याला मामा म्हणत राहिली. आमच्याकडं असं लग्न झालं म्हणून हाक बदलत नाही. जन्मल्यापासून ज्याला मामा म्हटलं त्याला एका दिवसात 'अहो' म्हणायचं, तर जीभ अडखळते. जगदेवी दारातून सरळ ओरडायची, "मामा, येताना कोथमीर आणा!"

शेजारच्या बाईंनी विचारलं, "मामाकडं राहायला आलीस का गं?"

"व्हय," जगदेवी म्हणाली. खोटं काय होतं त्यात?

"गुणाचा आहे हो मामा. भाचीला इतकं कोण बघतं!"

"व्हय की," जगदेवी म्हणाली.

चार महिने शेजारी श्रीशैलचं कौतुक करत होते. मग जगदेवीला दिवस गेले. त्यानंतर त्या गल्लीत जे काही झालं त्याचं वर्णन करणं अवघड आहे. एवढंच सांगतो, की शेजारच्या बाईंनी दिलेली आमटीची वाटी परत मागून नेली. शेवटी श्रीशैलनं लग्नाचा फोटो बाहेरच्या खोलीत, दारातून दिसेल असा टांगला. तेव्हा लोक शांत झाले, पण त्यांच्या नजरेत एक हसू राहिलं. कॉलेजात कुणीतरी त्याला विचारलं, "काय श्रीशैल, भाची बरी आहे ना?" जगदेवीला या गोष्टी आठवून हसू यायचं. श्रीशैलला हसू येत नव्हतं, हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं.

मग एका वर्षी पंचमी आली. पंचमीला आमच्या लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात. श्रीशैलनं जगदेवीला राजेश्वरला आणून सोडलं. "राहा महिनाभर," म्हणाला, "अक्काला बरं वाटंल. चैत्राची शाळा बुडायलीय, तिला मी घेऊन जातो." जगदेवीनं लेकीची वेणी घालून दिली. मामा आपला, लेक आपली, हात हलवला. पंधरा दिवसांनी पोस्टमन कोर्टाची नोटीस घेऊन आला.

नोटीस वाचून झाली तेव्हा अंबुबाई चुलीपाशी होती. ती वळली नाही. जगदेवीला तेवढ्यावरून कळलं.

"अव्वा, तुला ठावं हुतं?"

अंबुबाई लाकूड आत सारत म्हणाली, "पंचमीच्या आधीच सांगितला की त्यो. कॉलेजातली एक बाई हाय म्हनं, तिच्यासंगं लगीन करायचं म्हनायलाय."

"आन् तू मला झोक्यावर बसवलीस? मागून झोका दिलीस, हसत हसत?"

"मग काय करू? सण हुऊ दे म्हनला त्यो. सण कामून नासवायचा, म्हनला."

श्रीशैल असा विचारी होता.

बसवकल्याणच्या पवित्रा मॅडम वकील. वय तिशीचं, बोलणं चटचट. त्यांनी अर्ज वाचला आणि प्रथम हसल्या, मग हसायच्या थांबल्या. त्यांनी जगदेवीला समजावलं ते असं: लग्नाचा कायदा सगळ्या देशाच्या हिंदूंना एकच. त्यात मामा-भाचीचं लग्न बसत नाही. पण दोघांच्या घराण्यात तशी रूढी असेल तर चालतं, असंही त्याच कायद्यात लिहिलंय. आता हीच केस आमच्या बाजूच्या कोर्टात असती, तर रूढी म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागलं नसतं. पलीकडं ती साक्षीपुराव्यानं सिद्ध करावी लागणार. कायदा दोन्हीकडं एकच, पण रूढी काही बसमध्ये बसून सीमेपलीकडं जात नाही.

"मग केसच इकडं आनू की मॅडम. तासाभराचा तर रस्ता हाय."

"एकाच राज्यातली दोन गावं असती तर कलबुर्गीच्या हायकोर्टात मागता आलं असतं. मध्ये राज्याची हद्द आली, आता दिल्लीला जावं लागतं. सुप्रीम कोर्टात."

"उमरग्याहून बसवकल्याणला यायला दिल्लीवरून यायचं?"

"हो."

जगदेवीनं नोटिशीची घडी घातली. मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. उमरग्यालाच भांडू. मला त्यो नगं मॅडम. जाऊ दे त्याला त्या बाईसंगं. पर माझं लगीन झालंच न्हाई म्हनू ने, आन् चैत्रा मला द्यावी."

यापेक्षा जास्त तिनं कधीच काही मागितलं नाही.

लोक सांगतात, त्यानंतर तिनं मामा-भाचीची जोडपी गोळा करायला सुरुवात केली. भाकरीच्या निमित्तानं गावोगाव ओळखी होत्याच. पण साक्षीचं नाव काढलं की जोडपी आत जायची. "पलीकडच्या कोर्टात? आन् आमचं बी रद्द केलं तर?" हळ्ळीखेडच्या नागूबाईनं मात्र वेगळाच प्रश्न केला. तिचा मामा-नवरा ओसरीवर घोरत होता, त्याच्याकडं बघत ती म्हणाली, "खरंच रद्द करून देतेत व्हय? मग माझं बी नाव घाल."

पवित्रा मॅडमनी सगळी यादी बघितली आणि बाजूला ठेवली. गावाची रीत असून भागणार नाही, तुमच्या घराण्यातली रीत हवी. घराण्यात अगदी जवळचं उदाहरण एकच: अंबुबाई आणि धुळाप्पा.

जगदेवी आईकडं गेली. अंबुबाई तांदूळ निवडत होती.

"अव्वा, एवढंच सांग कोर्टात. तुझं लगीन मामासंगं झालं, माझं बी तसंच लावलीस. खरं तेवढंच सांग."

"श्रीशैलच्या इरुद्ध सांगू?"

"माझ्या बाजूनं सांग."

"ते एकच की गं," अंबुबाई म्हणाली. आणि खडा समजून एक चांगला तांदूळ फेकून दिला.

बाप धुळाप्पा ओसरीवर होता. आयुष्यात दोन वाक्यांवर तिसरं वाक्य तो कधी बोलला नव्हता. तो म्हणाला, "मी तुमच्या दोघींच्यात पडत न्हाई." हे एकच वाक्य झालं, दुसरं त्यानं शिल्लक ठेवलं.

कोर्टानं तोवर एवढी सोय केली होती, की महिन्यातले दोन शनिवार जगदेवीनं चैत्राला कोर्टाच्या आवारात भेटावं, दोन तास. त्या शनिवारी जगदेवी पहाटे उठून भाकरी बांधून निघायची. आमच्या सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट नाही. सीमेवर उतरून महाराष्ट्राच्या एस.टी.त बसलं की अर्धं तिकीट. "दोन्ही सरकारला माझी काळजी हाय," ती म्हणायची, "घरच्यांचंच काय ते बघा."

एका शनिवारी चैत्रा भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाली, "बाबा म्हणतात, तू त्यांची बायको नाहीस, नुसती भाची आहेस. मग मी तुझी कोण?"

जगदेवीनं भाकरीवर शेंगाची चटणी वाढली. "आधी खा," म्हणाली. पोरीनं खाल्लं. मग पोरगी दुसरंच काहीतरी सांगू लागली, शाळेतल्या मांजराचं. जगदेवीनं ते सगळं ऐकलं. परतीच्या बसमध्ये तिच्या शेजारी बसलेल्या मल्लिकार्जुन कंडक्टरच्या बायकोनं नंतर गावात सांगितलं, की जगदेवी सीमेपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसली होती आणि सीमेवर उतरताना बस चुकीची आहे म्हणून कुणाशीतरी उगीचच भांडली.

दीड वर्षानं श्रीशैलनं आपला मोठा साक्षीदार काढला. ती अंबुबाई होती. मराठीत टाइप केलेलं शपथपत्र, आणि खाली तिची चौथ्या यत्तेतली कन्नड सही. लिहिलं होतं: आमच्या घराण्यात मामा-भाचीचा विवाह करण्याची रूढी नाही. सदर विवाह अज्ञानातून झाला.

पवित्रा मॅडमनी ते जगदेवीला वाचून दाखवलं. जगदेवीनं फक्त सही बघितली. "अक्षर तिचंच हाय," म्हणाली. "रडत केल्याली न्हाई. नीट बसून केल्याली हाय."

उलटतपासणीच्या दिवशी अंबुबाई नवी इरकल नेसून आली. सोबत धुळाप्पा, हातात जेवणाचा डबा. तो मागच्या बाकावर बसला. पुढच्या बाकावर श्रीशैल. जगदेवी दाराशी उभी.

पवित्रा मॅडमनी विचारलं, "अंबुबाई, तुमच्या घरात मामा-भाचीचं लग्न होत नाही म्हणता?"

"न्हाई हो."

"मग लेकीचं भावाशी कसं लावलंत?"

"चूक झाली. अडानी मानसं आमी."

"धुळाप्पा तुमचे कोण?"

"मालक."

"लग्नाआधी कोण होते?"

अंबुबाईनं पदर सारखा केला. लेकीकडं बघितलं नाही. भावाकडं बघितलं. तो तिच्याकडंच बघत होता. दोन वर्षांचा असताना बघायचा तसा, म्हणजे आता अक्का काहीतरी करील, असा.

"लांबचे पाव्हणे," अंबुबाई म्हणाली.

"किती लांबचे?"

"लई लांबचे. मेहकरकडले."

धुळाप्पाचा जन्म राजेश्वरचा, त्याच्या बापाचाही राजेश्वरचा. मेहकरला तो आयुष्यात एकदा गेला होता, म्हैस बघायला. आणि म्हैस न घेताच परत आला होता. तो डबा घेऊन उठला.

"अंबू," तो म्हणाला, "मी मेहकरचा?"

शिपाई धावला. "बसा बाबा, बसा!"

धुळाप्पा बसला नाही. "लगीन हुऊन तेहतीस वर्सं झाली. तुझ्या बारशाला मी गूळ वाटलो सगळ्या गल्लीत. मी मेहकरचा? लांबचा पाव्हणा?"

अंबुबाई गोंधळली. पिंजऱ्याचा कठडा धरून, घरी जसं दबक्या आवाजात ओरडते तसंच ओरडली, "खाली बसा की वो मामा! सायेबांसमोर काय चालवलाव हे!"

टायपिस्टचे हात थांबले. मागं कुणीतरी खोकलं. समोरच्या वकिलांनी फाइलमध्ये तोंड घातलं. जज्जसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि अगदी सरळ चेहऱ्यानं सांगितलं, "लिहून घ्या. साक्षीदार आपल्या पतीस उद्देशून मामा असे म्हणाली."

मग कोर्ट हसलं. शिपाई हसला, टायपिस्ट हसली, दाराबाहेर दुसऱ्या केसची माणसं उगीचच हसली. अंबुबाईनं तोंडाला पदर लावला. श्रीशैल एकदम लहान दिसायला लागला. आजही राजेश्वरात हा किस्सा सांगताना माणसं पोट धरून हसतात, आणि जगदेवी तिथून जाताना दिसली की गप्प होतात. कारण त्या दिवशी ती हसली नव्हती.

बाहेर लिंबाखाली धुळाप्पा तिच्याजवळ आला. त्याला वाटलं असणार, लेक आता पाया पडेल.

"अप्पा," जगदेवी म्हणाली, "दीड वर्स झालं मी त्या दारात हुभी हाय. माझं लगीन शून्य हाय म्हनले, तवा तुमी डबा धरून बसलाव. माझी लेक नेली, तवा बी बसलाव. सोताचं लगीन लांबचं झालं म्हनताच उठलाव."

"बाई, मला वाटलं..." धुळाप्पा म्हणाला. पण त्याला काय वाटलं होतं ते त्यालाही सापडेना. तो डब्याचं झाकण घट्ट करत राहिला.

पुढच्या तारखेला मात्र तो जगदेवीच्या बाजूनं साक्षीला उभा राहिला आणि आयुष्यातलं तिसरं, चौथं, विसावं वाक्य बोलला. आपलं लग्न, लेकीचं लग्न, गुळाचं वाटप, सगळं. साताठ महिन्यांनी निकाल लागला: घराण्यात रूढी आहे, लग्न कायदेशीर आहे, मुलगी चैत्रा आईकडं राहील, बापानं महिन्यातून दोन रविवारी राजेश्वरला येऊन भेटावं.

चैत्रा आली. आता ती राजेश्वरच्या शाळेत जाते आणि उमरग्याची मराठी सोडून 'कामून' आणि 'न्हाई' बोलायला शिकली आहे. जगदेवीनं आईबापाच्या घरी न जाता बसस्टँडमागं दोन खोल्या घेतल्या. अंबुबाई एकदा तिथं लाडवांचा डबा घेऊन गेली होती. जगदेवीनं चैत्राला आजीजवळ बसू दिलं, लाडू खाऊ दिले, आणि स्वतः आत भाकरी थापत राहिली. त्या दिवशीच्या भाकरी, गिऱ्हाइकं म्हणतात, कागदासारख्या होत्या.

"आईशी असं वागतेत व्हय?" अंबुबाईनं बाहेरून विचारलं.

आतून थापायचा आवाज तेवढा आला.

गेल्या महिन्यात जगदेवीनं बसवकल्याणच्या कोर्टात घटस्फोटाचा अर्ज दिला. लग्न झालं होतं हे एकदा कागदावर आल्यावर ते मोडायलाही तिची तीच मोकळी झाली. तिथल्या कारकुनानं कागद चाळले आणि मान वर न करता कन्नडमध्ये विचारलं, "अक्कन मगळा?" म्हणजे नवऱ्याच्या बहिणीची लेक का? जगदेवी हो म्हणाली. त्यानं शिक्का मारला. झालं. उमरग्याला ज्याला दोन वर्षं लागली होती ते इथं एका शब्दात आटपलं.

पहिल्या तारखेला दोन्ही बाजूंना समजुतीच्या बोलण्यासाठी बोलावलं होतं. वऱ्हांड्यात दोन बाक, समोरासमोर. जगदेवी एका बाकावर बसली. थोड्या वेळानं अंबुबाई आली. कुणी बोलावलं नव्हतं. ती आपली आली, आणि लेकीच्या शेजारी, हातभर अंतर ठेवून बसली. पदरातून तिनं दोन केळी काढली. एक मध्ये ठेवलं.

कारकून नावं लिहायला बाहेर आला. "तुमच्यासोबत कोण आलंय?"

"कुनी न्हाई," जगदेवी म्हणाली.

"या कोण मग?"

जगदेवीनं आईकडं नीट बघितलं. रागानं नाही, एखादा कागद वाचावा तसं.

"त्या समोरच्या पार्टीच्या हायत."

कारकुनानं पेननं समोरचा बाक दाखवला. "मग अक्का, तुम्ही तिकडं बसा."

अंबुबाई उठली. केळं तिथंच राहिलं. ती वऱ्हांडा ओलांडून गेली आणि समोरच्या बाकावर बसली. त्या बाकावर दुसरं कुणीच नव्हतं. श्रीशैल त्या तारखेला आलाच नव्हता. दुपारी दोनपर्यंत ती एकटीच तिकडं बसून होती, रस्त्याकडं बघत.